आरटीओ साहेब, एकदा भिंतीवर फोकस बघा

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या मोटार वाहन खात्याच्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या लाईटने डोळे दिपतात, ही तक्रार तुमच्या कानावर रोज पडत असेल. त्यावर मधूनमधून मोहीम निघते. पांढरे दिवे दिसले की गाडी बाजूला घ्यायची, पावती फाडायची, जमलं तर दिवे काढून ठेवायचे. मोहीम संपली की रस्ता पुन्हा होता तसा. माझं म्हणणं असं आहे की या सगळ्यात बल्ब पकडला जातो आणि फोकस सुटतो. समोरच्याला आंधळा करणारा उजेड बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडलेला उजेड असतो. तो कुठे पडतोय हे बघायला एक भिंत, एक टेप आणि पाच मिनिटं लागतात. तेवढं करा, हेच सांगायला हे पत्र.

मी कुडाळ तालुक्यात महामार्गाच्या कडेला गाड्यांची वायरिंग करतो. सेल्फ, डायनामो, हॉर्न, वायपरची मोटर आणि हेडलाईट. पावसाळ्यात वायपर, बाकी वर्षभर हेडलाईट, असा हिशोब. त्यामुळे लिहितोय ते पुस्तकातलं कमी आणि होल्डर सोडताना हाताला लागलेलं जास्त आहे.

लोकांना विचाराल तर सगळे एकच सांगतात, एलईडी आले आणि वाट लागली. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला आधी जुना हॅलोजन बल्ब हातात घ्यावा लागतो. एच-फोर म्हणतात तो, तीन पायांचा. आत दोन फिलामेंट असतात, एक अप्परचं (लांबच्या उजेडाचं) ६० वॅटचं, दुसरं डिपरचं (खाली झुकलेल्या, जवळच्या उजेडाचं) ५५ वॅटचं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. सगळी करामत त्या वाटीची. फिलामेंटचा खाली जाणारा उजेड ती अडवते. त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली रस्त्यावर येतो. वाटीची एक कड जराशी तिरकी कापलेली असते. त्या तिरकेपणामुळे डाव्या बाजूला उजेड थोडा वर चढतो, म्हणजे साईडपट्टीवरचा माणूस, सायकल, बसलेलं जनावर दिसावं. उजवीकडे, जिथून समोरचा येतो, तिथे तो खालीच राहतो. हे सगळं इतकं नेमकं बसवलेलं असतं की फिलामेंट मिलिमीटरभर सरकलं तरी समोरच्या भिंतीवर दिसणारी उजेड-अंधाराची रेघ बिघडते. बल्बचा एक पाय खाचेत नीट बसला नाही, वरची स्प्रिंग तशीच दाबून लावली, तरी बिघडते. असे वाकडे बसवलेले साधे कंपनीचे बल्ब मी कितीतरी गाड्यांत बघतो. मालकाला पत्ताही नसतो.

आता याच रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घाला. त्यात फिलामेंट नाही. एक पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिप. चिप बरोबर फिलामेंटच्या जागी आली आणि पट्टी हवी तशी उभी राहिली तर निदान रेघेसारखं काहीतरी दिसतं. नाहीतर रिफ्लेक्टरला कळतच नाही की उजेड आला कुठून, आणि तो सगळीकडे उधळतो. माडाच्या शेंड्यावर, विजेच्या तारांवर, एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. गाडीवाला मात्र खूश. बंपरच्या पुढचे पंधरा-वीस फूट लख्ख पांढरे झालेले असतात. जवळ एवढं उजळलं की लांबचं उलट कमीच दिसतं, पण हे त्याला सांगून पटत नाही. खोक्यावर भला मोठा आकडा छापलेला असतो, तो कुणी मोजलेला नसतो. ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असंही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे विकणाऱ्याला माहीत असतं की हा माल रस्त्यासाठी नाही.

कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेल्या गाडीला मात्र सरसकट दोष देऊ नका. तिथे दिवा, आतला पडदा आणि लेन्स एकमेकांसाठी बनवलेले असतात, भिंतीवर उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी येते. तिची अडचण वेगळी. एक तर या गाड्या उंच. त्यांचा दिवा रिक्षावाल्याच्या किंवा स्कूटरवाल्याच्या चेहऱ्याच्या जवळच्या उंचीला येतो. दुसरं म्हणजे आपले रस्ते. चाक खड्ड्यात गेलं की ती तीक्ष्ण कड वर उडते आणि समोरच्याला वाटतं याने मुद्दाम अप्पर मारला. मग तो उलट मारतो. पुढचं सांगायला नको.

रंगाबद्दलही थोडं. हॅलोजनचा उजेड पिवळट, साधारण ३,२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). बाजारातले एलईडी सहा हजाराच्या पुढचे, निळसर. तेवढ्याच उजेडात निळसर रंग डोळ्याला जास्त बोचतो, हे खरं आहे. आंबोलीच्या धुक्यात असा दिवा लावून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते. पण रंग पकडून प्रश्न सुटत नाही. नीट लावलेला पांढरा दिवा कुणाला त्रास देत नाही आणि वर तोंड केलेला पिवळा दिवा माणूस मारू शकतो.

आता कोकणाची म्हणून एक वेगळी भानगड सांगतो. ती घाटावरच्या माझ्या धंदेबंधूंना एवढी भेडसावत नसणार.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “माका रस्तोच दिसणा नाय, मोठो बल्ब घाल रे.” मी आधी मीटर लावतो. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर चौदाच्या आसपास व्होल्ट मिळतात आणि बल्बच्या होल्डरवर बारा, कधी त्याहून कमी. मधले दोन व्होल्ट गेले कुठे? खाऱ्या हवेत. बॉडीला अर्थ (अर्थिंगची वायर) दिलेला असतो त्या बोल्टखाली गंज धरलेला असतो, तांब्याच्या तारेवर हिरवी बुरशी चढलेली असते. मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या किनाऱ्यावर उभ्या असणाऱ्या गाड्यांत तर हमखास. मासे वाहणाऱ्या टेम्पोंचं विचारूच नका. आणि हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणजे बल्ब चांगला, रिफ्लेक्टर चांगला, आणि रस्ता दिसत नाही. अर्थचा बोल्ट पॉलिश पेपरने घासायचा, नवीन लग (वायरच्या टोकाची कडी) मारायची, जाड वायर आणि रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) टाकायचा. तोच ५५ वॅटचा बल्ब नवा असल्यागत पेटतो. उन्हाने पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच घासून घेतली तर आणखी फरक पडतो. पिवळी, धुरकट काच उजेड रस्त्यावर टाकण्याऐवजी आजूबाजूला पसरवते, म्हणजे आतल्याला कमी दिसतं आणि समोरच्याला जास्त दिपतं, दोन्हीकडून नुकसान.

पण गिऱ्हाइकाला अर्थ घासण्यात रस नसतो. घासलेला अर्थ दिसत नाही, पांढरा बल्ब दिसतो. मग तो दुसरीकडे जाऊन शंभर-नव्वद वॅटचा बल्ब घालून येतो. त्याने मुळातच बारीक असलेली वायर तापते, होल्डर वितळतो आणि गाडी पुन्हा माझ्याकडेच येते. मला धंदा मिळतो, तक्रार नाही. तक्रार मधल्या काळात त्याच्या समोरून गेलेल्या लोकांची आहे.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कुणीही कायदा मोडलेला नसतो. बल्ब कंपनीचा, वायरिंग ठीक, डिपर लावलेला, आणि तरी समोरच्याचे डोळे फुटतात. कारण वजन.

मार्च लागला की देवगड, मालवण, वेंगुर्ल्याहून आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप रात्री वाशी मार्केटकडे निघतात. गाडी भरली की मागून बसते आणि पुढून तोंड वर करते. किती वर? साधा हिशोब आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर धरा. मागची बाजू सहा सेंटिमीटर बसली, म्हणजे चार बोटंसुद्धा नाही, तर गाडीचं तोंड दोन टक्क्यांनी वर उचललं गेलं. डिपरचा फोकस मुळात एक टक्का खाली लावलेला असतो. तो आता एक टक्का वर झाला. पन्नास मीटरवर तो उजेड दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर जातो. दिवा जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरवर असेल तर उजेड गेला एकशे तीसवर. समोरच्या मोटारीत बसलेल्या ड्रायव्हरचा डोळा त्याच्या खालीच असतो. बिचारा पिकअपवाला शपथेवर सांगेल की मी अप्पर लावलाच नव्हता, आणि ते खरं असेल.

हेच चतुर्थीला. मुंबईहून चाकरमानी येतात, गाडीत पाच माणसं, डिकी फुल, वर टपावर बॅगा आणि कुणाच्या तरी मांडीवर मखराचा थर्माकोल. (थर्माकोलला बंदी आहे म्हणे. असो, तो दुसऱ्या खात्याचा विषय.) यातल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, गुडघ्याजवळ, एक छोटं चक्र असतं. त्यावर शून्य ते तीन आकडे असतात. ड्रायव्हर एकटा असेल तेव्हा शून्य, मागे माणसं आणि सामान भरलं की आकडा वाढवायचा, तसा फोकस खाली येतो. गाडी बनवणाऱ्याने हाच प्रश्न ओळखून ते दिलेलं आहे. पण ते कशाचं आहे हे गाडीच्या मालकाला विचारा. मला एकाने सांगितलं, ते डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं. दुसरा म्हणाला, एसीचं असेल, पण बंद पडलंय वाटतं. गाडी घेताना शोरूममध्ये टचस्क्रीनवर अर्धा तास शिकवतात, त्या चक्राबद्दल कुणी अक्षर बोलत नाही. खारेपाटणला शिरण्याआधी हे चक्र एक-दोन घरं फिरवलं तर पुढे बांद्यापर्यंत शेकडो लोक दुवा देतील. फुकटचं काम आहे.

दिपल्यावर नक्की काय होतं तेही सांगतो, कारण “चार सेकंदांत दिसायला लागतं” म्हणून हसण्यावारी नेणारे खूप आहेत. उजेड पडला की डोळ्याची बाहुली पटकन आकसते. उजेड गेल्यावर ती पुन्हा पसरायला आणि डोळा अंधाराला सरावायला मात्र वेळ लागतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. पाच सेकंद नीट दिसलं नाही तर ऐंशी मीटरहून जास्त रस्ता अंदाजाने कापला. आमच्याकडे ऐंशी मीटरमध्ये एक वळण, एक मोरी आणि एखादं देऊळ येतं. वय वाढलं की हा वेळ वाढतो, आणि मोतीबिंदू धरायला लागला असेल तर उजेड डोळ्यातल्या डोळ्यात पसरून सगळं पांढरं होतं. आता आमच्या गावांत राहतंय कोण ते बघा. तरणी पोरं मुंबई-पुण्याला किंवा गोव्यात कामाला. रात्री दुखायला लागलं तर स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणारा माणूस साठीतलाच असतो. पिवळ्या काचेचे ‘नाईट व्हिजन’ चष्मे विकत घेऊन काही होत नाही. चष्मा समोरचा झगमगाट थोडा कापतो, पण अंधारातलं जे दिसायला हवं त्याचाही उजेड कापतो.

आणि मरतो तो बहुतेक दिपलेला ड्रायव्हर नसतोच. समोरच्या दिव्यांच्या पाठीमागे अंधाराची एक पोकळी तयार होते. त्या पोकळीत रस्त्याच्या कडेने कोण चाललंय ते दिसणं शक्य नसतं. कार्तिक पौर्णिमेपासून गावोगाव जत्रा सुरू होतात. दशावतारी नाटक संपतं पहाटे, आणि मग माणसं घोळक्याने चालत घरी निघतात. अंगावर काळपट शाल, डोक्याला कानटोपी, हातात असलीच तर मोबाईलची बॅटरी. पहाटे बंदरावर मासे घ्यायला निघालेल्या बायका, सायकलवर पाव वाटणारा, कामावर चाललेला चिरेखाणीवरचा कामगार, हे सगळे त्याच पोकळीत असतात. रस्त्याला फूटपाथ नाही, साईडपट्टी पावसाने खाल्लेली, पलीकडे जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण). बाजूला व्हायला जागा नाही. ड्रायव्हर म्हणतो, “मधेच आला.” मधे कुणी आलेला नसतो, तो आधीपासून तिथेच चालत असतो.

चौपदरी महामार्गावर दुभाजक आहे म्हणून तिथे त्रास नसेल असं वाटतं. दुभाजकावरची कण्हेर आणि बोगनवेल केवळ शोभेला नसते, समोरचा उजेड अडवायलाही असते. जिथे झाडं वाळून गेलीत तिथे ती परत लावणं हे तुमच्या खात्याचं काम नाही, पण रस्तेवाल्यांना एक पत्र लिहायला हरकत नसावी. महामार्गावरची खरी डोकेदुखी म्हणजे उलट्या बाजूने येणारे. मिडल कट (दुभाजकातली वळायची जागा) लांब आहे म्हणून कडेकडेने रॉंग साईड चालवत येतात. मघाशी म्हटलं ना, डिपरचा उजेड डाव्या बाजूला मुद्दाम वर चढवलेला असतो? रॉंग साईडने येणारा आपल्या डाव्या हाताने जातो, म्हणजे आपण त्याच्या डाव्या हाताला. त्याचा तो वर चढलेला उजेड थेट आपल्या डोळ्यांत. त्याने डिपर लावला असला तरीही. त्यामुळे रॉंग साईडवाल्याला पकडाल तेव्हा हेही त्याच्या खात्यावर मांडा.

घाटांचं गणित निराळं. करूळ, फोंडा, आंबोली, कुठेही घ्या. चढणाऱ्या गाडीचं तोंड आकाशाकडे असतं, तिथे फोकस कितीही बरोबर लावा, वरच्या वळणावरच्याला तो दिसणारच. जुने ड्रायव्हर वळणाआधी एकदा अप्पर-डिपर करून ‘मी येतोय’ सांगत आणि गाडी दिसली की डिपरवर येत. हल्ली अप्पर लावतात तो लावतातच. काही नव्या गाड्यांत अप्पर आपोआप उतरतो म्हणे. उतरतो, पण समोरची गाडी वळणातून पूर्ण बाहेर आल्यावर, तोवर समोरचा दिपून झालेला असतो. आणि चालणाऱ्या माणसाच्या अंगावर दिवा नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी तो उतरतच नाही.

दुचाकीवाल्यांचं एका वाक्यात आटपतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू राहतो, तो डिपरवर असला तरी नियम पाळला जातो, पण अंगठा अप्परवर अडकून राहिलेले निम्मे दिसतात, आणि हँडलला लावलेले ते लुकलुकणारे जादा दिवे काढून घेतलेत तर कुणी रडणार नाही.

“समोरचो डिपर करणा नाय, मगे मी कित्याक करू?” हे वाक्य माझ्या दुकानातल्या बाकावर रोज ऐकायला मिळतं. त्याला उत्तर माझ्याकडे नाही. दोन गाड्या एकमेकांवर अप्पर रोखून येतात तेव्हा दोघांपैकी एकालाही रस्ता दिसत नसतो एवढंच मी सांगू शकतो. पण बऱ्याचदा ‘समोरचा’ डिपरवरच असतो, त्याचा फोकस चुकलेला असतो. म्हणजे हे भांडण अर्ध्याहून जास्त वेळा गैरसमजाचं. फोकस नीट झाले तर भांडणाचं कारण उरत नाही, स्वभाव तेवढा उरतो.

कायदा तुम्हाला मी काय शिकवणार? पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम याच गोष्टीचा आहे. दिव्याचा उजेड खाली इतका झुकलेला हवा की समोर ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो दिपवणार नाही. बघा, नियम करणाऱ्यांनी समोरच्याचा डोळा कुठे असेल ते मोजून ठेवलं आहे. आम्ही अंमलबजावणी करताना डोळा विसरलो आणि बल्बचा रंग लक्षात ठेवला. गाडीत परस्पर फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हत्यार पुरेसं धारदार आहे.

मग अडतं कुठे? पासिंगला, म्हणजे गाडीच्या फिटनेस तपासणीला. धंद्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला येते. पासिंगच्या आदल्या दिवशी माझ्याकडे रांग असते. जादा दिवे उतरव, बारवरचे फोकस उतरव, साधे बल्ब घाल. “पासिंग झाला की परत लावतलंय.” परत लावायला ते माझ्याकडे येत नाहीत, मी लावत नाही हे माहीत आहे. लावणारे पुष्कळ आहेत. म्हणजे तुमच्या पटांगणात दिवसाउजेडी, रिकामी, धुतलेली गाडी उभी राहते आणि रस्त्यावर रात्री, भरलेली, वेगळ्याच दिव्यांची गाडी धावते. ती तुम्ही बघितलेलीच नाही.

खासगी गाडीचं तर याहून पुढे. तिची नोंदणी पंधरा वर्षांची. पंधरा वर्षं तिच्या हेडलाईटकडे सरकारच्या बाजूने एकही माणूस बघत नाही. धूर तपासायला पीयूसी आहे, उजेड तपासायला काही नाही. एवढ्या काळात पुढचा बंपर दोनदा ठोकून सरळ केलेला असतो, दिव्याची क्लिप तुटून फेव्हिक्विकने चिकटवलेली असते, आणि एक डोळा आकाशात व एक गटारात अशी ती गाडी रुबाबात फिरते.

म्हणून भिंत मागतोय. रीत सांगतो, तुमच्या निरीक्षकांना ती माहीत असेलच. सपाट जागा हवी (कोकणात दहा मीटर सपाट जागा शोधणं हाच या कामातला अवघड भाग, पेट्रोल पंप नाहीतर सडा, म्हणजे जांभ्याचं पठार). टायरात हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर बसलेला, मघाशी सांगितलेलं ते गुडघ्याजवळचं चक्र असेल तर शून्यावर. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजायची आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीला आडवी रेघ मारायची. डिपर लावायचा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. नाही आली तर दिव्याच्या मागे स्क्रू असतो, तो फिरवायचा. कुठल्या गाडीला स्टारचा लागतो, कुठल्या गाडीला षटकोनी, झालं. कड दिसतच नसेल, सगळीकडे नुसता धुरकट उजेड असेल, तर समजायचं की आत भलता बल्ब आहे. त्याला पाच हजाराचं कलम लावा, माझा पाठिंबा.

पण ज्याचा बल्ब कंपनीचा आहे आणि फोकस तेवढा हलला आहे, त्याच्या हातात पावती देऊ नका. स्क्रू फिरवून सोडून द्या. तो दहा जणांना सांगेल.

हे तुमच्या पटांगणात करालच. पण चतुर्थीला महामार्गावर ठिकठिकाणी सुविधा केंद्रं उभी राहतात, चहा-पाणी, रुग्णवाहिका, मेकॅनिक, सगळं असतं. तिथे एक पांढरा फळा आणि एक स्क्रूड्रायव्हरवाला माणूस ठेवा. नाहीच जमलं फळ्याचं, तर गाडी थांबली की फक्त त्या चक्राकडे बोट दाखवायला एक होमगार्ड पुरे. आंब्याच्या हंगामाच्या आधी पिकअप तपासाल तर रिकाम्या तपासू नका, पेट्या भरल्यावर तपासा. भरलेल्या गाडीचा फोकस लावून घ्यायला कुणी हरकत घेणार नाही, रस्ता त्यालाही दिसायला हवाच असतो. पीयूसीच्या वेळी दिवे तपासण्याचा नियम करणं तुमच्या हातात नाही हे कळतं, पण वर प्रस्ताव पाठवणं आहे. पीयूसीवाल्याकडे गाडी येतेच, थांबतेच, भिंतही असतेच. आणि दुकानांत ‘ऑफ-रोड’ लिहिलेले बल्ब मोटारसायकलवाल्या पोरांना सर्रास विकले जातात, तिथेही अधूनमधून एक फेरी मारा. रस्त्यावर शंभर गाड्या अडवण्यापेक्षा एका दुकानात जाणं सोपं आहे.

सुरुवात सरकारी गाड्यांपासून केलीत तर बरं होईल. नाव घेत नाही, पण वरच्या साहेबांची गाडी मागे असली की आरसा फिरवून ठेवावा लागतो हे रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर सांगेल.

माझ्याकडून एक. कुडाळच्या आसपास असा फळा लावणार असाल तर स्क्रू फिरवायला मी येतो, माझी हत्यारं घेऊन, मजुरी नको. मात्र संध्याकाळी सातनंतर बोलवा. चतुर्थीच्या तोंडावर दिवसा दुकानातून मान वर काढायला फुरसत नसते, आणि दिवसा भिंतीवर कड दिसतही नाही.

कळावे,
आपला,
कुडाळ तालुक्यातला एक ऑटो इलेक्ट्रिशियन